परक्यांचे पूर्वज

पूर्वजांच्या शोधात स्कॉटलंडला येणाऱ्या अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन पाहुण्याला बहुधा एखादा किल्ला हवा असतो. निदान कुळाचे म्हणून विकले जाणारे चौकटीचे कापड तरी. हाती लागतो तो शेतमजूर, नाहीतर हातमागावरचा विणकर. पण हा विणकर नेमका आपलाच, एवढे तरी छातीठोकपणे सांगता येते, याचे श्रेय पुष्कळदा अशा माणसांना जाते ज्यांचा त्या विणकराशी काडीचाही संबंध नसतो.

वंशावळ हा घरगुती नाद मानला जातो. स्कॉटलंडमध्ये तो एकट्याने साधत नाही, आणि त्याला कारण तिथली नावे ठेवण्याची रीत. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, तिसऱ्याला खुद्द बापाचे. आजोबांचे नाव नातवाला देणे आपल्याकडेही चालत आले आहे, तेव्हा यातला घोळ वेगळा समजावायला नको. चार भावांनी ही रीत पाळली की एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच वयाचे चार जेम्स तयार. बकीसारख्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळीवस्त्यांत तर आडनावेही मोजकीच. तिथे टोपणनावाशिवाय कोण कोण हे कळेना, म्हणून ती टोपणनावे दप्तरातही चढली. आपला जेम्स ओळखायचा तर बाकीचे जेम्स आधी बाजूला काढावे लागतात. त्यासाठी अख्ख्या पॅरिशची नोंद समोर हवी, आणि ती उतरवून काढणार ते स्वयंसेवकच.

‘फ्रीसेन’च्या स्वयंसेवकांनी जुन्या जनगणना याच पद्धतीने उतरवून सर्वांसाठी फुकट खुल्या केल्या. काम वेळखाऊ आणि कंटाळवाणे. 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे होते, म्हणजे एकोणचाळीस वर्षांची बाई कागदावर पस्तीसची. एका छपराखालच्या माणसांचे नाते काय, हे तर लिहिलेलेच नाही. उतरवणाऱ्याला नियम एकच: दिसते तसे लिहा, सुधारू नका. शुद्धलेखनाची हौस इथे घातक ठरते.

1 जानेवारी 1855 पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि पहिल्या वर्षीच्या फॉर्मात इतके काही विचारले होते की कारकून हैराण झाले. पुढच्याच वर्षी रकाने छाटले. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या वह्या. त्यांत दफनाच्या नोंदी तुटपुंज्या, म्हणून थडगी वाचायची. जॉन फाउलर मिचेल आणि शीला मिचेल या दांपत्याने 1855 पूर्वीच्या थडग्यांवरचे लेख परगण्यामागून परगणा उतरवून काढले. दगड वालुकाश्माचा असला तर अक्षरांचे पापुद्रे सुटत असतात, शेवाळ खरवडायची तर दगडच निघून येतो; मग आरशाने तिरपा उजेड टाकून अक्षरांच्या सावल्या वाचतात. कष्टाचे फळही मिळते, कारण स्कॉटिश थडग्यावर बायकोचे माहेरचे आडनाव सहसा शाबूत असते. अर्थात दगड परवडला त्याचेच नाव उरले. बिनदगडाच्या गरिबाला स्वयंसेवकही वाचू शकत नाही.

गरिबाची नोंद सरकारनेही एकदा महाग केली होती. 1783 मध्ये वहीतल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर बसला आणि 1794 मध्ये उठला. मधल्या काळात अनेकांनी बारसे केले, नोंद केली नाही. आज त्याच वह्यांच्या पानाची प्रतिमा सरकारी संकेतस्थळावर पाहायला सुमारे दीड पौंड पडतात. जतनाला पैसा लागतो, हे मान्य. पण एका जेम्सपायी चार जेम्सची पाने उघडावी लागली की विणकराच्या पणतूचा खिसा रिकामा होतो, आणि तिथे फुकट उतरवलेली यादी कामी येते.

या मंडळींची दुसरी कामगिरी नकाराची. स्कॉटिश न्यायालयांत ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ यांच्या जोडीला ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसरा निकाल शतकानुशतके होता. चांगला स्वयंसेवक पाहुण्याला तोच सुनावतो. इंटरनेटवर मात्र एकाने चुकीचा आजोबा चिकटवला की शंभर जण तो उचलतात.

शोध कधी मुंबईपर्यंतही येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत स्कॉट पुष्कळ होते. मुंबई इलाख्यातले त्यांचे बाप्तिस्मे, लग्ने, दफने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या दप्तरात आहेत, आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’चे स्वयंसेवक ती उतरवत असतात.

तिकडे स्कॉटलंडमध्ये नगरपालिका डगमगणारी थडगी सुरक्षेसाठी आडवी करून ठेवतात. 2015 मध्ये ग्लासगोत अंगावर थडगे कोसळून एक मुलगा दगावला, तेव्हा या खबरदारीला कोणी नावे ठेवू नयेत. पण लेखाची बाजू मातीकडे गेली तर तो लेख संपलाच. दगड पाडणाऱ्या कामगाराच्या खिशात फोन असतो. आधी फोटो काढून स्थानिक वंशेतिहास मंडळाकडे पाठवण्याचा नियम करायला नगरपालिकेला वेगळी तरतूदही लागणार नाही.