धातू राखताना माणूसही राखावा

खारा वारा लोखंड खातो, हे गोमंतकातील लहान मुलालाही ठाऊक आहे. ॲल्युमिनियम मात्र गंजत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. परंतु बळकटीसाठी त्यात तांबे मिसळले, की हे कवच दुबळे होते व समुद्राच्या मिठाला वाट मिळते. विमानाचा पत्रा अशाच मिश्रधातूंचा असतो. दाबोळीला नौदलाचा हवाई तळ असलेल्या आमच्या प्रदेशाला हा प्रश्न परका नाही.

यावरचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे क्रोमेटचा लेप. ओरखडा पडला तरी लेपातील क्रोमियम पाझरून ती जखम बुजविते. पण हेच षट्संयुजी क्रोमियम श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग जडू शकतो. अमेरिकेने २००६ साली कामगारांसाठी हवेतील त्याची मर्यादा घनमीटरला ५२ मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. युरोपीय संघाने २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर खास परवान्याविना बंद केला. आपल्याकडे तामिळनाडूतील राणीपेट येथे बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याचा लाखाहून अधिक टन कचरा मागे राहिला आणि भूजल नासले.

पर्याय नाहीत असे नव्हे. अमेरिकी नौदलाच्या शास्त्रज्ञांनी त्रिसंयुजी क्रोमियमचा कितीतरी कमी घातक लेप सिद्ध केला. दारे-खिडक्यांच्या चौकटींना रंगापूर्वी झिर्कोनियम वा टायटॅनियमच्या द्रावणाची प्रक्रिया देता येते. विमानांच्या अस्तर-रंगाची गोष्ट निराळी. तेथे क्रोमेटला तोडीस तोड पर्याय पुरता पारखून घेतल्याखेरीज घाई करणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळ होय, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ही सबब खिडकीच्या चौकटीला लागू पडत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सरकारी इमारतींच्या निविदांत ‘क्रोमेटविरहित प्रक्रिया’ ही अट घालावी आणि ती पाळली जाते की नाही, हे कारखान्यात जाऊन तपासावे. सरकारसारखे मोठे गिऱ्हाईक अडून बसले, की उत्पादकांनाही बदलावे लागेल. आमच्या घराची खिडकी खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे टिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र तिचे मोल कोणा कामगाराच्या फुप्फुसाने चुकते होऊ नये.