आधी कुठं पोहोचायचं ते ठरवा

आमच्या बे एरियातल्या मराठी घरांत मुलाला बर्कलीला प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात. मुलगा डी अँझा किंवा ओलोनीसारख्या कम्युनिटी कॉलेजला जाणार असेल, तर 'सध्या इथंच आहे, पुढचं पुढं बघू' असं म्हणून आईवडील विषय बदलतात. समोरचाही समजून घेतल्यासारखं करून पुढचं विचारत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाणं ही या राज्यात मागच्या दाराची सोय कधीच नव्हती. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा आराखडा केला. क्लार्क केर हे त्याचे मुख्य शिल्पकार. वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी आणि शिकू इच्छिणाऱ्या बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज, अशी त्याची मांडणी होती. तिथून पुढं विद्यापीठात जाण्याचा रस्ता त्याच आराखड्यात आखलेला आहे. ॲपलचा स्टीव्ह वॉझ्निअॅक डी अँझात शिकून मग बर्कलीला गेला. पदवीच्या कागदावर तर नाव शेवटच्या विद्यापीठाचंच येतं.

पैशांचा हिशेबही बघा. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात. पदवीचा निम्मा भाग म्हणजे ६० सेमिस्टर युनिट, म्हणजे २,७६० डॉलर. स्टेट युनिव्हर्सिटीत एका वर्षाचं शिक्षणशुल्कच सहा हजार डॉलरच्या वर आहे. एच-फोर व्हिसावर आलेल्यांनाही इथलं वास्तव्य सिद्ध केलं की रहिवाशाचा दर मिळू शकतो. महाराष्ट्रातून एफ-वन व्हिसावर थेट येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र परराज्याचा, म्हणजे कितीतरी जास्त दर लागतो. मुलाला इकडे धाडायचा विचार करणाऱ्या पालकांनी दोन्हींची गल्लत करू नये.

तेव्हा लाजण्याचं कारण नाही. काळजीचं कारण मात्र आहे, आणि ते कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजे सीआयएस निवडणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त भोवतं.

ओळखीच्या कुटुंबातला एक मुलगा आपली ट्रान्सक्रिप्ट घेऊन आमच्याकडे आला होता. हुशार मुलगा, जवळजवळ सगळीकडे 'ए'. लिनक्स, नेटवर्किंग, वेब डिझाइन, सायबर सुरक्षा, पायथन. संगणकाच्या नावाचं जे जे वेळापत्रकात दिसलं ते त्याने मन लावून केलं होतं. विद्यापीठाने प्रवेश दिला, युनिटही घेतले, पण त्यातले बरेचसे निव्वळ ऐच्छिक म्हणून. मुख्य विषयाच्या यादीत धरले फक्त दोन पेपर. अकाउंटिंग नाही, अर्थशास्त्र नाही, संख्याशास्त्र नाही. ते सगळं आता विद्यापीठाच्या दराने करायचं. दोन वर्षांत संपायची पदवी तीनवर गेली. त्याची आई मला म्हणाली, "काकू, एवढे मार्क्स असून असं कसं झालं हो?" युनिट स्वीकारले जाणं आणि युनिट पदवीच्या कामी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

गोंधळ नावातच आहे. डी अँझात प्रोग्रामिंगचे पेपर सीआयएस याच नावाखाली शिकवतात. सी प्लस प्लस घ्या, जावा घ्या, पायथन घ्या. पण कॅल पॉली पोमोना विद्यापीठात सीआयएसचा विभाग बिझनेसच्या कॉलेजात आहे. सॅन होजे स्टेटमध्येही याच्या जवळचा विषय, मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स, बिझनेसकडेच आहे. तिथं पहिल्या दोन वर्षांत अपेक्षा असते ती फायनान्शियल आणि मॅनेजिरियल अकाउंटिंगची, सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राची, संख्याशास्त्राची. कंपनीची बिलं कशी फिरतात, माल कुठं अडतो, हे कळल्याशिवाय तिची संगणक यंत्रणा कशी बांधणार? मला ही मागणी रास्तच वाटते. (आपल्याकडे सीआयएस म्हणजे 'कॉम्प्युटर सायन्स जमलं नाही म्हणून' अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. ज्याला माणसांचं कामकाज समजून घ्यायला आवडतं, डेटाबेसमध्ये रस आहे, त्याला कॅल्क्युलस आणि फिजिक्सच्या रांगेत जबरदस्तीने उभं करू नका.)

कुठला पेपर कशाच्या जागी चालतो हे बघायला राज्याचं असिस्ट नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. आपलं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि मुख्य विषय निवडला की दोन रकाने समोर येतात. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला पेपर, मध्ये बाण, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजातला पेपर. काही ओळींत उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' लिहिलेलं असतं. म्हणजे तो पेपर इथं होणार नाही. पुढं गेल्यावर करा, नाहीतर शेजारच्या कॉलेजात होतो का ते बघा. त्या मुलाने हे पान पहिल्यांदा आमच्या जेवणाच्या टेबलावर पाहिलं. बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

डी अँझा आणि फूटहिलमध्ये क्वार्टर पद्धत आहे, सॅन होजे स्टेट आणि पोमोनात सेमिस्टर. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. त्यामुळे ९० युनिट पाहून हुरळून जाऊ नका, ते ६०च आहेत. आणि स्टेट युनिव्हर्सिटी कम्युनिटी कॉलेजातले जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट मोजते. त्यावरचे पेपर ज्ञान म्हणून चांगलेच, युनिटच्या हिशेबात शून्य.

महाराष्ट्रात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांना हा त्रास एवढा नसतो. तंत्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम राज्यभर एक, प्रवेशफेऱ्या केंद्रीय. इथं ११६ कॉलेजं आणि प्रत्येकाचे पेपरचे क्रमांक वेगळे, अशी आजवरची रीत. तेही आता बदलू लागलं आहे. २०२१च्या कायद्यानुसार समान क्रमांक ठरताहेत. प्रास्ताविक संख्याशास्त्राचा पेपर आता स्टॅट सी-१००० या नावाने ओळखला जातो. सामान्य शिक्षणाच्या विषयांसाठीही २०२५च्या फॉल सत्रापासून दोन्ही विद्यापीठांना चालणारा एकच साचा आला आहे, कॅल-गेटसी. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर घेतली की स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी मिळते, पण हवं तेच कॅम्पस मिळेल अशी नाही. सॅन होजेसारख्या ठिकाणी जागांपेक्षा अर्ज जास्त असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसवर प्रवेशाची हमी देणारा टॅग नावाचा करार आहे, पण बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत; आणि काही विषयही वगळलेले असतात. टॅगचा अर्ज फक्त सप्टेंबरात भरता येतो, म्हणजे प्रत्यक्ष जाण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी.

तुमच्या घरातलं कुणी यंदा कम्युनिटी कॉलेजात जाणार असेल, तर पहिल्या सत्राची नोंदणी करण्याआधी दोन-तीन विद्यापीठं ठरवा, त्यांची असिस्टची पानं छापून घ्या आणि ती घेऊन ट्रान्स्फर काउन्सेलरला भेटा. भेट मोफत असते. आईवडिलांनी निदान एकदा ती पानं मुलाशेजारी बसून वाचावीत.