ब्रेकला जुगाड नाही : मेढ्याचा जाहीरनामा

आम्ही जावळी तालुक्यातले जुन्या गाड्यांचे मालक, चालक आणि मिस्त्री. मारुती 800, ओम्नी, पद्मिनी, जीप. मुंबईत माथाडीचं काम करून हौसेनं घेतलेल्या आणि नंतर गावी आणलेल्या कितीतरी गाड्या इथे आहेत. इंजिन ठणठणीत, कागद साफ. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून आरटीओ पाच वर्षांचं पासिंग देतं, म्हणजे कायदाही त्यांना मोडीत काढत नाही. तरी त्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत, कारण ब्रेकचा व्हील सिलिंडर मिळत नाही.

दुकानात उत्तर ठरलेलं : "माल बंद झाला. लोकल देऊ?"

आमचा पहिला ठराव या 'लोकल'विरुद्ध आहे. काच वर होत नसेल तर लाकडाची पाचर मारा, आमची ना नाही. पण एका चाकाला 19 मिलिमीटरचा सिलिंडर आणि दुसऱ्याला 'बसतोय की' म्हणून साडेसतराचा घातला, तर दोन बाजूंच्या जोरात अठरा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. पेडल दाबलं की गाडी एका अंगाला ओढते, आणि केळघरच्या घाटात त्या अंगाला दरी असू शकते. गंजून खड्डे पडलेल्या सिलिंडरला पॉलिश पेपर मारून नुसतं रबर किट बदलणं हीसुद्धा फसवणूकच. नवं रबर काही दिवसांत कापलं जातं. ब्रेक ऑइलचंही तेच. ते हवेतली ओल ओढतं. नवं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत तग धरतं, ओल धरलेलं 140 च्या आसपासही उकळू शकतं. मग पाइपात वाफ धरते आणि पेडल तळाला जातं.

आता कंपन्यांविषयी. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. प्रकरण अपिलांत गेलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. मेढ्याच्या मिस्त्रीच्या हातात मात्र अजून पान्हाच आहे, पुर्जा नाही. म्हणून आमची मागणी : मॉडेल बंद केलं, तर त्याच्या ब्रेकच्या भागांची मापं आणि ड्रॉइंग लहान कारखानदारांना खुली करा. ओतकाम आपल्या मुलखाला शिकवावं लागत नाही. किर्लोस्करवाडी 1910 पासून उभी आहे, कोल्हापूरच्या फाउंड्र्या हाकेवर आहेत. ड्रम इथे ओतता येईल. रबर मात्र तपासलेलंच हवं, त्यात गावचा अभिमान आणायचा नाही.

मिस्त्रींनी स्वतःलाही बांधून घेतलं आहे. बिलावर पार्ट नंबर लिहायचा. ड्रम लेथवर लावण्याआधी त्यावर कोरलेली कमाल मापाची मर्यादा बघायची, ती ओलांडली असेल तर ड्रम भंगारात. जुन्या लायनरची धूळ कंप्रेसरने उडवायची नाही, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आणि ब्रेक खात्रीचे होत नसतील, तर गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी चावी परत द्यायची नाही. हे शेवटचं सगळ्यांत जड जाणार आहे.

मतदानाने दारूची बाटली आडवी करणारा हा तालुका आहे. ठरवलं की धसास लावतो. कोणाकडे कुठला पुर्जा पडून आहे, कुठे मिळाला, किती टिकला, याची सामायिक वही आम्ही सुरू करत आहोत. सातारा-सांगलीच्या गाडीवाल्यांनो, बदललेला सिलिंडर भंगारवाल्याला देण्याआधी त्यावरचा नंबर उतरवा आणि मेढ्याला कळवा.