साखळी-करवत आणि मराठी गद्य

व्यावसायिक दर्जाची साखळी-करवत, म्हणजे बाजारात जिला चेनसॉ आणि आमच्याकडे कोकणात नुसते ‘कटर’ म्हणतात ते यंत्र, हा वाङ्मयविचाराचा विषय होऊ शकत नाही असे पुष्कळांस वाटेल. परंतु गेल्या वर्षी असे एक यंत्र आमच्या मालकीचे झाले, आणि ते हाताळू लागल्यापासून आमच्यापुढे जे प्रश्न उभे राहिले त्यांपैकी बहुतेक भाषेचे निघाले. नवख्या माणसाच्या निरीक्षणांना एक मर्यादित मोल असते. सरावलेल्याला जे दिसेनासे झालेले असते ते त्याला दिसते. त्या मर्यादेतच हे टिपण वाचावे.

यंत्र घेण्याचे कारण साधे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकत गुजरातकडे गेले. वाड्यांमधल्या नारळी-पोफळी, आंबे, फणस आडवे झाले. रस्ते मोकळे करणाऱ्या पथकांच्या हाती त्या दिवसांत हीच यंत्रे होती. तेव्हापासून वडिलोपार्जित वाडी असलेल्या आमच्यासारख्या, एरवी अध्यापनावर पोट भरणाऱ्या माणसालाही असे एक यंत्र घरात असावे असे वाटू लागले. मोडलेली फांदी छपरावर लोंबत असता तोडणारा माणूस मिळेपर्यंत थांबता येत नाही.

‘व्यावसायिक दर्जा’ याचा अर्थ सामान्यतः ताकद असा घेतला जातो. ताकद आहेच. ५० सीसीच्या आसपासचे इंजिन सुमारे ४ अश्वशक्ती देते, आणि पाते व साखळी सोडून यंत्राचे वजन ५ किलोच्या आगेमागे भरते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला २० मीटरच्या घरात धावते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरहून अधिक. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. तथापि या दर्जाची खरी खूण निराळी आहे. असे यंत्र आपल्या धन्याला जाणता गृहीत धरते. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचे (बहुधा लिटरला २० मिलिलिटर), चोक केव्हा मागे घ्यायचा, साखळी किती ताणायची, हे तुम्हांस ठाऊकच आहे अशा समजुतीने ते घडवलेले असते. एखाद्या प्राचीन ग्रंथाची टीपा नसलेली प्रत नवशिक्या विद्यार्थ्याच्या हाती यावी, तसे काहीसे येथे होते.

या गृहीतकाला इतिहास आहे. साखळीला दात लावून कापण्याची कल्पना प्रथम जंगलात नव्हे, तर शस्त्रवैद्यांच्या हाती रुजली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढावयाची बारीक दातेरी साखळी वापरात आणली. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने दांड्याने फिरणारे, त्याच जातीचे हत्यार सिद्ध केले. लाकडासाठीचे विजेवर चालणारे यंत्र आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली केले आणि पेट्रोलवरचे १९२९ साली. पुढे अमेरिकेत जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी आपले जबडे डावी-उजवीकडे चालवत कशी पुढे सरकते हे पाहिले, आणि १९४७ साली त्या धर्तीची साखळी विक्रीस आणली. आजची साखळी तिच्याच कुळातली आहे. शस्त्रवैद्य असो वा लाकूडतोड्या, हत्यार घडले ते शिकलेल्या हातासाठी. पैसे मोजणाऱ्या कोणालाही ते मिळू लागले, ही नंतरची गोष्ट.

शिकलेला हात आणि नवखा हात यांच्यातले अंतर कमी करण्याचे काम आता सूचनापुस्तिकेकडे आलेले आहे. आमच्या खोक्यात ती होती, इंग्रजीत होती आणि चांगली होती. मराठीचे एकही पान तीत नव्हते. तिच्यात पुनःपुन्हा येणारा शब्द म्हणजे ‘किकबॅक’. पात्याच्या टोकाचा वरचा भाग चालू स्थितीत लाकडाला टेकला, तर दाते कापण्याऐवजी अडकतात आणि साखळीची सगळी गती पात्याला वर व मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे, फेकते. हे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते. म्हणूनच पुढच्या मुठीसमोर झटक्यासरशी लागणारा ब्रेक असतो, म्हणूनच डावा अंगठा मुठीखालून वळवून घट्ट धरायचा असतो, आणि म्हणूनच डोके कधीही पात्याच्या रेषेत आणायचे नसते.

हा शब्द मराठीत कसा सांगावा? ‘प्रत्याघात’ असा एक शब्द चटकन सुचतो. तो चुकीचा नाही, पण तो वाचून कोणाचा हात थबकेल असे वाटत नाही. उत्तर मिळाले ते गावात लाकडे तोडण्याचा धंदा करणाऱ्या एका मामांकडून. आमचे यंत्र पाहून ते एवढेच म्हणाले, “सर, टोक लावू नका. अंगावर येतं.” बैल अंगावर येतो, काम अंगावर येते, तसेच यंत्रही अंगावर येते. या क्रियापदात दिशा आहे, वेग आहे आणि भयही आहे. सूचनेच्या गद्याला याहून अधिक काय हवे?

दुसरे उदाहरण घेऊ. वादळात आडवे झालेले झाड कापणे हे अवघड काम असते, कारण त्यात ताण कोंडलेला असतो. दोन्ही टोकांवर टेकलेल्या खोडाची वरची बाजू दबलेली असते आणि खालची ताणलेली. एका टोकाशी पक्क्या आणि पुढे अधांतरी असलेल्या खोडात याच्या नेमके उलट असते. दबलेल्या बाजूने खोल कापत गेले तर खाच मिटते आणि पाते अडकते. म्हणून तिकडून थोडीच खाच घ्यायची आणि उरलेले ताणलेल्या बाजूने कापायचे. पुस्तिकेत यासाठी आकृत्या आणि बाण आहेत. मामा म्हणतात, “लाकूड पातं धरतं. आधी ते कशावर बसलंय ते बघा.” धारेचेही तसेच. धारदार साखळी ढलप्या टाकते, बोथट साखळी भुसा. भुसा दिसू लागला की गोल कानस हाती घ्यायची, कारण बोथट साखळी जोराने दाबावी लागते आणि दमलेला, दाबणारा हातच घसरतो. ढलपी, भुसा, कानस हे शब्द मराठी वाचकाला शिकवावे लागत नाहीत. म्हणजे शब्द आहेत, वाक्येही आहेत. ती छापील पानावर आलेली नाहीत.

याचे कारण भाषेच्या दारिद्र्यात शोधणे व्यर्थ आहे. ते आपल्या समाजरचनेत आहे. करवतीचे ज्ञान सुताराच्या घरात बापाकडून मुलाकडे गेले आणि तेथेच राहिले, कारण त्या घरात अक्षर पोहोचू दिले गेले नाही. ज्या घरांत अक्षर होते तेथे करवत नव्हती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे अशी मागणी केली, तेव्हा त्यांनी याच फटीवर बोट ठेवले होते. पुढे महाराष्ट्र राज्य झाले, परिभाषाकोश निघाले, आणि राज्यकारभाराला त्यांचा उपयोगही झाला. परंतु कोशातला शब्द आणि हाताला थांबवणारे वाक्य यांत फरक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आम्हांलाही आनंद आहे. मात्र अभिजात भाषेत एका धोकादायक यंत्राची चार पाने मिळू नयेत, याचे वैषम्य त्या आनंदाने कमी होत नाही.

असा आक्षेप येईल की असले ज्ञान पुस्तकातून येत नाही, ते सोबतीने काम करूनच येते. हे अर्धे खरे आहे. मामांच्या शेजारी उभे राहून दोन दिवसांत जे उमगले ते पुस्तिका महिनाभर वाचून उमगले नसते. पण मामांना ठाऊक नसलेल्या गोष्टीही पुस्तिकेत होत्या. मांड्या-पोटऱ्यांवर घालायच्या संरक्षक विजारीत लांब धाग्यांचे थर असतात, आणि साखळी लागताच ते तीत गुंतून ती थांबवतात. कानांची हानी न दुखता, वर्षानुवर्षे होत जाते. मामा आजवर हाफपँट आणि रबरी चपला घालून हे काम करत आले. त्यांना अलीकडे हाक जरा मोठ्याने मारावी लागते. ती विजार त्यांच्या कमाईच्या मानाने महाग आहे हे खरेच. परंतु अशी वस्तू जगात असते, हेही त्यांच्या भाषेत त्यांना कोणी सांगितले नव्हते. येथे प्रश्न गद्यशैलीपुरता उरत नाही.

दुसरा आक्षेप वृक्षप्रेमींचा, आणि तो रास्त आहे. यंत्राची मालकी म्हणजे झाडावरचा अधिकार नव्हे. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्यानुसार आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. फिलिपीन्सने तर २००२ साली कायदा करून यंत्राचीच नोंदणी बंधनकारक केली. आपल्याकडच्या नवख्या मालकाला यातले काय ठाऊक असते? ज्या मराठी पानांची आम्ही मागणी करतो आहोत त्यांत कायद्याचे हे वाक्यही असले पाहिजे.

तेव्हा महाविद्यालयांतल्या मराठी विभागांना एक सुचवावेसे वाटते. उपयोजित मराठीच्या तासाला आपण बातमी, जाहिरात, अर्ज लिहवून घेतो. त्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांना एखाद्या यंत्राच्या सूचना लिहायला द्याव्यात. त्यांनी तो धंदा करणाऱ्या माणसाबरोबर दोन दिवस काढावेत, त्याची वाक्ये टिपावीत, पुस्तिकेतली माहिती त्यांच्याशी ताडून पाहावी आणि मग दोन पाने लिहावीत. ती पाने त्या माणसाला वाचून दाखवावीत. “असं नाही कोणी म्हणत” असे तो जेथे म्हणेल तेथे शब्द बदलावा, आणि गुण देताना तो बदललेला शब्द आधी पाहावा.