अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्याकडची. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्या बाबतीत जावयाच्या जागी साक्षात राष्ट्राध्यक्ष होते! डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्टिन यांच्यावर प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. १ जानेवारी २०२४ रोजी गुंतागुंत होऊन त्यांना पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले. तरी कर्करोगाची गोष्ट राष्ट्राध्यक्ष बायडेन यांना समजली ती ९ जानेवारीला. पुढे ऑस्टिन यांनी जाहीर माफी मागितली.

ऑस्टिन हे या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. हा रोगही तेथील कृष्णवर्णीय पुरुषांनाच अधिक गाठतो. गोऱ्या पुरुषांत साधारण आठांपैकी एकाला तो आयुष्यात केव्हातरी होतो, कृष्णवर्णीयांत सहांपैकी एकाला. मृत्यूचे प्रमाण तर जवळजवळ दुप्पट.

‘रक्तातच आहे’ असे म्हणून हात झटकणे सोपे. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, जिथे गोऱ्या-काळ्यांना सारखेच उपचार मिळतात, तिथे वेगळेच दिसले. रोग झालेल्या कृष्णवर्णीयांत त्याने मरण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त नव्हते! म्हणजे बाहेरची तफावत बरीचशी उशिरा झालेल्या निदानाची, नसलेल्या विम्याची आणि अपुऱ्या उपचारांची.

त्यात डॉक्टरांविषयीचा अविश्वास. तो उगाच नाही. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे चारशे कृष्णवर्णीय उपदंशग्रस्तांना उपचारांविना ठेवून नुसते त्यांचे निरीक्षण केले. पेनिसिलीन निघाल्यावरसुद्धा! आज सत्तरीत असलेल्यांनी ही बातमी ऐन तारुण्यात ऐकली आहे.

सुरुवातीला या रोगाची लक्षणे बहुधा नसतातच. म्हणून कृष्णवर्णीय पुरुषांनी चाळीस-पंचेचाळिशीतच पीएसए या रक्ततपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे, असे तेथील तज्ज्ञ सांगतात. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच, असे मात्र नाही. ग्रंथी वाढल्याने किंवा जंतुसंसर्गानेही ते वाढते.

वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल तर धोका सुमारे दुप्पट होतो. मग माणूस कोणत्याही वर्णाचा असो. पण त्यासाठी वडिलांना काय झाले होते, हे मुलाला ठाऊक हवे. पुष्कळ घरांत ते ‘लघवीचा त्रास’ एवढ्यावरच थांबलेले असते.