‘रिट्रोव्हर्टेड’ या एका शब्दाविषयी

सोनोग्राफीच्या अहवालात गर्भाशयाची लांबी-रुंदी लिहिण्यापूर्वी बहुधा एक शब्द टंकित झालेला असतो: ‘रिट्रोव्हर्टेड’, म्हणजे मागे झुकलेले. लिहिणाऱ्याच्या लेखी ती केवळ स्थितीची नोंद असते. परंतु तोच कागद भेस्तान-पांडेसऱ्याच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत पोहोचतो, शेजारचा शिकलेला मुलगा तो वाचून दाखवतो, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला ठाऊक होते की अमक्याच्या सुनेची पिशवी उलटी आहे. दुसऱ्या दिवशी सासूबाई तिला घेऊन दवाखान्यात येतात. सून खाली मान घालून बसते आणि सासूबाईच सांगतात, “पिशवी उलटी शे, डॉक्टरसाहेब. म्हनीसन पोर व्हत नही.” मुलगा सोबत नसतो. तो पाळीवर असतो.

हे दृश्य आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. माझे म्हणणे एवढेच की, या दृश्याचा निम्मा दोष आपल्याकडे, म्हणजे वैद्यकीय व्यावसायिकांकडे येतो. शब्द आपण लिहितो आणि त्याचा अर्थ मात्र गल्लीने लावावा म्हणून सोडून देतो.

वस्तुस्थिती काय आहे? बहुतेक स्त्रियांचे गर्भाशय पुढे, मूत्राशयाकडे कललेले असते. सुमारे पाचांपैकी एका स्त्रीचे ते मागे, गुदाशयाकडे कललेले असते. कोणी डावखुरा असतो, तशीच ही एक जन्मजात ठेवण. कित्येकदा बाळंतपणानंतर आधाराचे बंध सैल होऊनही ते मागे कलते. शिवाय ही स्थिती दगडावरची रेघ नव्हे. पोटावरून सोनोग्राफी करताना मूत्राशय तुडुंब भरलेले असते व ते गर्भाशयाला मागे ढकलते. त्यामुळे एकाच स्त्रीच्या दोन अहवालांत दोन निराळे शब्द आढळले तर नवल वाटू नये. असा एखादा ‘सरळ झालेला’ अहवाल हाती घेऊन मधल्या काळात पोट चोळणाऱ्या बाईला श्रेय देणारी कुटुंबेही भेटतात, आणि त्यांची समजूत काढणे मोठे जिकिरीचे होते.

मागे कललेल्या गर्भाशयाचे मुख योनीच्या पुढच्या भिंतीकडे वळलेले असते, तेव्हा वीर्य तेथवर पोहोचणार कसे, अशी शंका जुन्या डॉक्टरांनाही होती. आज आपणांस ठाऊक आहे की शुक्रजंतू काही मिनिटांतच मुखातील स्रावात शिरतात आणि पुढचा प्रवास स्वतः करतात. नंतर जे बाहेर ओघळते ते सर्वच स्त्रियांच्या बाबतीत ओघळते. त्यावरून ‘पिशवीत राहतच नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. कमरेखाली उशी घेतल्याने इजा नाही, तसा लाभाचा पुरावाही नाही. गर्भाशय मोकळेपणी हलते असेल, तर केवळ त्याच्या कलण्यामुळे दिवस राहत नाहीत असे मानण्यास आधार नाही.

या गैरसमजाला आपल्याच शास्त्राने एकेकाळी खतपाणी घातले, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या हॉज यांनी गर्भाशय पुढे धरून ठेवणारी कडी प्रचारात आणली. १९०० मध्ये गिलियम यांनी गर्भाशयाचे गोल बंध पोटाच्या भिंतीत ओढून शिवण्याची शस्त्रक्रिया मांडली, आणि पुढील काही दशके कंबरदुखीपासून वंध्यत्वापर्यंत अनेक तक्रारींसाठी स्त्रियांची पोटे उघडली गेली. हळूहळू लक्षात आले की तक्रार नसलेल्या असंख्य स्त्रियांचे गर्भाशयही तसेच आहे आणि त्यांना मुले झाली आहेत. ती लाट ओसरली, तिची भाषा मात्र अहवालांत आणि जनमानसात राहून गेली.

चरकसंहितेतील वीस योनिव्यापदांमध्ये ‘अंतर्मुखी’ हा एक प्रकार येतो. तेथे मुख वक्र होण्याचे वर्णन आहे, परंतु ते वेदनेच्या जोडीने आहे. कललेल्या गर्भाशयाचे महत्त्व त्याच्यासोबत काय येते यावर ठरते, आणि डॉक्टरने थांबून विचार करावा ती जागा हीच. पाळीच्या वेळी असह्य दुखते का? शरीरसंबंधाच्या वेळी आत खोलवर कळ येते का? तपासताना गर्भाशय बोटाने हलते, की मागे चिकटून बसले आहे? चिकटलेले असेल तर एंडोमेट्रिऑसिस, जुना जंतुसंसर्ग आणि आपल्या देशात कधीही विसरू नये असा जननेंद्रियांचा क्षयरोग, यांचा शोध घ्यावा लागतो. तेथे गर्भनलिका बंद असू शकतात. गर्भधारणा रोखणारा तो आजार असतो, आणि गर्भाशयाचे कलणे ही त्याने मागे ठेवलेली खूण. म्हणून ‘काही नाही, घरी जा’ असे सरसकट सांगणारा डॉक्टरही माझ्या मते तितकाच चुकतो.

आता ज्या प्रश्नापर्यंत ही कुटुंबे सहसा पोहोचतच नाहीत त्याविषयी. पतीची वीर्यतपासणी झाली आहे का? मूल न होण्यामागे पुरुषाकडील कारण, एकटे वा स्त्रीकडील कारणासह, जवळजवळ निम्म्या जोडप्यांत सापडते. ही तपासणी स्वस्त व वेदनारहित आहे. तरीही सुनेच्या दोन-तीन सोनोग्राफ्या आणि नळीचा एक्स-रे होऊन जातो, आणि मुलगा प्रयोगशाळेची पायरी चढलेला नसतो. तंबाखू-गुटख्याचे व्यसन आणि डाइंगच्या भट्टीजवळचा सततचा उष्मा, या दोन गोष्टी तरी आपण त्याला विचारल्याच पाहिजेत.

याहून साधा प्रश्न म्हणजे, दोघे एकत्र राहतात का? लूमवर बारा-बारा तासांची पाळी, पंधरवड्याने रात्रीची. सून कापसाच्या वेचणीला चार महिने अमळनेर वा शिंदखेड्याकडे. ताप्ती लाइनने ये-जा चालूच. स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकते, शुक्रजंतू फार तर पाच दिवस, म्हणजे महिन्यातले अनुकूल दिवस सारे सहा. एका जोडप्याचा मी एकदा दिनदर्शिका समोर ठेवून हिशेब केला. लग्नाला तीन वर्षे झाली होती, पण त्या सहा दिवसांत दोघे एका छपराखाली आल्याचे महिने दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतके भरले. वंध्यत्वाच्या व्याख्येत वर्षभराचा नियमित संबंध धरला आहे (पस्तिशीपुढे सहा महिने), तो यांच्या वाट्याला आलाच नव्हता.

मग हा शब्द अहवालातून काढून टाकावा काय? मुळीच नाही. तांबी बसवताना किंवा गर्भाशय साफ करताना ही स्थिती ठाऊक नसेल तर भिंतीला छिद्र पडण्याचा धोका असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून पाहताना गर्भ नीट दिसत नाही व घाईने चुकीचे निदान होते. गर्भ वाढू लागला की गर्भाशय बहुधा बारा-चौदा आठवड्यांत आपोआप वर येते. क्वचित, सुमारे तीन हजार गर्भवतींत एखादीच्या बाबतीत, ते ओटीपोटात अडकते आणि लघवी कोंडते. अशा वेळी धाव घ्यायला हवी, हे तिला आधी सांगून ठेवलेले बरे. ही नोंद डॉक्टरच्या हाताला सावध करण्यासाठी असते. ती सुनेच्या कपाळी चिकटते, ते आपल्या मौनामुळे.

सुरतेत मराठी डॉक्टरांची परंपरा जुनी आहे. लग्नाच्या बाबतीत स्त्रीच्या इच्छेलाही मोल आहे असे न्यायालयात ठासून सांगणाऱ्या रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन १८९५ च्या सुमारास याच शहरात आल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी येथील स्त्रियांची सेवा केली. त्यांच्यानंतर शतकभराने येथे दवाखाना चालवणाऱ्या आपणांस सासू आणि मुलगा दोघांना समोर बसवून पाच मिनिटे बोलता येऊ नये?

मी हल्ली तेच करतो. मुलाला सुट्टीच्या दिवशी बोलावतो व तिघांसमोर अहवाल वाचतो. एका सासूबाईंची त्याच सुमारास अन्य तक्रारीसाठी तपासणी झाली, तेव्हा त्यांचेही गर्भाशय मागे कललेले निघाले. पाच मुलांची आई! पहिल्या बाळंतपणापूर्वीही ते तसेच होते, असे मी छातीठोकपणे सांगू शकलो नाही, आणि तसे सांगितलेही नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “तुनी तपासनी कधी शे?”