कंसासकट आलेला निरोप

मुलीच्या शाळेकडून परवा मोबाइलवर निरोप आला : ‘आपल्या पाल्याचे ['मराठी', 'गणित', 'भूगोल'] या विषयांचे प्रकल्प जमा झालेले नाहीत.’ आईने विचारले, ‘हे चौकोनी कंस कसले गं?’ पायथॉन लिहिणाऱ्याला ते बघताक्षणी कळतात. विषयांची लिस्ट कुणीतरी ‘एसटीआर’ फंक्शनमध्ये घातली आणि जे बाहेर पडले ते जसेच्या तसे शेकडो पालकांना धाडले.

यात ‘एसटीआर’चे काही चुकलेले नाही. लिस्ट दिली की ते प्रोग्रॅमरला हवे असते ते रूप दाखवते. आतला 5 हा आकडा आहे की मजकूर, हे त्या अवतरणचिन्हांवरूनच कळते. चूक शोधताना ती हवीतच. पण पालकासाठी ‘जॉइन’ आहे. त्याची मांडणी नवख्यांना उलटी वाटते : आधी सांधणारा स्वल्पविराम अवतरणात लिहायचा, त्याला ठिपका देऊन जॉइन, आणि लिस्ट मागून कंसात. 2000 सालापासून जॉइन असे स्ट्रिंगच्या पदरी आहे आणि ते योग्यच आहे. सांधायचे काम मजकुराचे. समोर लिस्ट असो, टपल असो की फाइलमधल्या ओळी, त्याला फरक पडत नाही.

लिस्टमध्ये एक जरी आकडा असला तरी जॉइन अडते, टाइपएरर देते. पुष्कळांना ही कटकट वाटते. मला ती शिस्त वाटते, कारण गुण 82.5 लिहायचे की 82.50, हे माणसाने ठरवायचे असते. जिथे ते अडत नाही तिथे खरा धोका आहे. लिस्टऐवजी चुकून नुसता ‘गणित’ हा शब्द दिला, तर जॉइन मुकाट्याने ‘ग, ण, ि, त’ असे तुकडे करते. वेलांटी ण पासून तुटून एकटी पडते, कारण पायथॉनच्या हिशेबी ती स्वतंत्र चिन्ह आहे. इंग्रजीत असे काही तुटत नाही, म्हणून इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्यांच्या हे ध्यानातही येत नाही.

शिवाय आपण ‘मराठी, गणित, भूगोल’ असे म्हणत नाही. ‘मराठी, गणित आणि भूगोल’ म्हणतो. तो ‘आणि’ जॉइन देत नाही. शेवटचा विषय वेगळा काढून जोडावा लागतो. मग एकच विषय बाकी असलेल्या पालकाला ‘आणि गणित या विषयांचे’ असा निरोप जातो. तिथे ‘आणि’ नको, ‘विषयांचे’चे ‘विषयाचे’ व्हायला हवे. आणि लिस्ट रिकामी असेल, तर निरोपच जायला नको. या तीन अटी लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

याहून मोठे नुकसान जोडलेली ओळच डेटाबेसमध्ये साठवल्याने होते. एखाद्या विषयाचे नाव ‘इतिहास, राज्यशास्त्र’ असे असेल, तर ओळ परत तोडताना त्या एका विषयाचे दोन होतात. कुठला स्वल्पविराम नावातला आणि कुठला आपण घातलेला, हे स्प्लिटला कळायला मार्ग नाही. साठवायचे असेल तर जेसन आहे, सीएसव्हीचे मॉड्यूल आहे. ती अवतरणे सांभाळतात. फक्त जेसन करताना ‘एन्शुअर आस्की’ला फॉल्स द्यावे. नाहीतर फाइलमध्ये देवनागरीच्या जागी संकेतांकांच्या रांगा येतात. यंत्र त्या वाचते, माणसाला वाचता येत नाहीत. लिस्ट शेवटपर्यंत लिस्टच राहू द्यावी, आणि मजकूर माणसासमोर जाताना तेवढी जोडावी.

कॉलेजांत हा विषय एका ओळीच्या कोडवर उरकला जातो. शिकवणाऱ्यांना विनंती आहे : प्रयोगवहीत ती ओळ लिहून घेताना रिकामी, एका शब्दाची आणि तीन शब्दांची अशा तीन लिस्ट चालवून घ्या, आणि शब्द मराठी द्या. आणि शाळांसाठी असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनो, शेकडो घरी निरोप जाण्याआधी तो एकदा स्वतःच्या मोबाइलवर मागवून वाचा.